मुक्त सॉफ्टवेअर आणि त्याची राखण

१. प्रास्ताविक

कौलारू घर बांधून झाले म्हणजे मालकाचे काम संपत नाही. दर वर्षी मृगाचा पाऊस येण्यापूर्वी कौले उतरवून, फुटकी बदलून आणि वासे तपासून ते घर पुन्हा शाकारावे लागते. एखाद्या वर्षी शाकारणी चुकली तर घर लगेच पडत नाही. प्रथम एका कोपऱ्यात ठिबक सुरू होते, मग वासा कुजतो, आणि काही वर्षांनी कोणाच्या ध्यानीमनी नसता छप्पर खाली येते. घर कोणी बांधले हे लोक सांगतात. दर वर्षी शाकारणी कोण करतो हे सहसा कोणी विचारीत नाही.

संगणकाच्या आज्ञावलींची, म्हणजे ज्यांना आपण सॉफ्टवेअर म्हणतो त्यांची, स्थिती पुष्कळ अंशी अशीच आहे. येथे वाचकाच्या मनात एक शंका येईल. लोखंड गंजते, लाकूड कुजते; परंतु आज्ञावली तर केवळ अक्षरांची बनलेली असते. तिला देखभाल कशाला हवी?

ह्या शंकेचे उत्तर असे की आज्ञावली बदलली नाही तरी तिच्या भोवतालचे सर्व काही बदलत असते. नव्या बांधणीचे संगणक येतात. जिच्या आधारावर ती चालते ती दुसरी आज्ञावली सुधारली जाते आणि जुनी जोडणी तुटते. वर्षानुवर्षे लपून राहिलेला एखादा दोष अकस्मात उघडकीस येतो आणि त्याचा गैरफायदा घेणारेही पुढे येतात. म्हणून उपयोगात असलेल्या प्रत्येक आज्ञावलीकडे कोणीतरी सतत लक्ष ठेवावे लागते.

जगातील फार मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या आज्ञावलींची ही राखण स्वयंसेवक करतात. ते ती कशी करतात, तिच्यात कोणत्या अडचणी येतात, आणि ती चुकली असता काय घडते, ह्याचा विचार ह्या पुस्तिकेत करावयाचा आहे. उदाहरणासाठी आपण ‘डेबियन’ ह्या नावाचा एकच प्रकल्प घेऊ.

२. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे काय?

आज्ञावली लिहिणारा ती प्रथम माणसाला वाचता येईल अशा सांकेतिक भाषेत लिहितो. ह्या मूळ लेखनास आपण मूळ संहिता म्हणू. नंतर तिचे यंत्राला कळेल अशा रूपात रूपांतर करण्यात येते. पुष्कळ व्यापारी कंपन्या ग्राहकाला केवळ हे यंत्ररूप विकतात आणि मूळ संहिता स्वतःजवळ ठेवतात. औषध मिळाले, पण त्यातील द्रव्ये कोणती हे कळले नाही, अशी ग्राहकाची अवस्था होते.

ह्याच्या उलट मुक्त सॉफ्टवेअरची मूळ संहिता सर्वांना खुली असते. ती कोणीही चालवावी, तिचा अभ्यास करावा, तिच्यात फेरफार करावा आणि तिच्या प्रती इतरांना द्याव्या, असे चार अधिकार तिचा परवाना देतो. ह्या विचाराचा पुरस्कार करीत रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी १९८३ साली अमेरिकेत ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. पुढे १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचे विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स ह्यांनी ‘लिनक्स’ हा कार्यप्रणालीचा गाभा प्रसिद्ध केला. हे दोन्ही प्रवाह एकत्र आल्यावर संपूर्णपणे मुक्त अशी संगणक-व्यवस्था उभी राहणे शक्य झाले.

परंतु ती उभी करण्यास शेकडो ठिकाणी लिहिल्या गेलेल्या आज्ञावली गोळा करून त्या एकमेकींशी जुळवाव्या लागत. हे काम सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात शिकणारे इयन मर्डॉक ह्यांनी ही उणीव ओळखली आणि १६ ऑगस्ट १९९३ रोजी डेबियन प्रकल्पाची घोषणा केली. आपले स्वतःचे आणि डेब्रा ह्या आपल्या मैत्रिणीचे नाव जोडून त्यांनी प्रकल्पाचे नाव सिद्ध केले.

डेबियनचे काम सार्वजनिक ग्रंथालयासारखे आहे, असे म्हणता येईल. ग्रंथालय ग्रंथ लिहीत नाही. ते निवडते, बांधणी करते, सूची तयार करते आणि वाचकाच्या हाती सुस्थितीत देते. डेबियनही बहुतेक आज्ञावली स्वतः लिहीत नाही. त्या गोळा करून, तपासून, विशिष्ट पद्धतीने बांधून वापरणाऱ्याला देते. अशा बांधलेल्या आज्ञावलीस ‘पॅकेज’ म्हणतात. भेद इतकाच की ह्या ग्रंथालयातील ग्रंथ रोज बदलतात आणि प्रत्येक ग्रंथ दुसऱ्या अनेक ग्रंथांच्या आधारावर उभा असतो. त्यामुळे येथील ग्रंथपालाला क्षणाची उसंत नसते.

३. पॅकेजचा प्रवास

प्रत्येक पॅकेजची जबाबदारी एका व्यक्तीने किंवा गटाने पत्करलेली असते. ह्या व्यक्तीस आपण परिरक्षक म्हणू. आज्ञावलीचे मूळ कर्ते निराळे असतात. परिरक्षक हा मूळ कर्ते आणि वापरणारे ह्यांच्यामधील दुवा होय.

समजा, एखाद्या आज्ञावलीची नवी आवृत्ती मूळ कर्त्यांनी प्रसिद्ध केली. परिरक्षक ती उतरवून घेतो आणि मागील आवृत्तीशी ताडून पाहतो. परवान्यात काही बदल झाला आहे काय, ती कोणत्या नव्या आज्ञावलींवर अवलंबून आहे, डेबियनमध्ये पूर्वी केलेल्या दुरुस्त्या अद्याप लागू पडतात काय, हे तो तपासतो. पॅकेज कसे बांधावे ह्याविषयी डेबियनची एक विस्तृत नियमावली आहे. तिला अनुसरून तो पॅकेज बांधतो आणि आपली संगणकीय स्वाक्षरी करून ते भांडारात पाठवितो. आज्ञावली सर्वस्वी नवी असल्यास तिचा परवाना व रचना दुसरे स्वयंसेवक तपासतात आणि मगच तिला प्रवेश मिळतो. नंतर निरनिराळ्या बांधणीच्या संगणकांसाठी तिचे यंत्ररूप आपोआप तयार केले जाते.

तरीही ती लगेच सर्वांच्या हाती जात नाही. डेबियनच्या भांडाराचे तीन मुख्य टप्पे आहेत. पहिल्याचे नाव ‘अस्थिर’, दुसऱ्याचे ‘चाचणी’ आणि तिसऱ्याचे ‘स्थिर’. नवे पॅकेज प्रथम अस्थिर टप्प्यात येते. तेथे ते प्रसंगानुसार २ ते १० दिवस राहते. त्या अवधीत गंभीर दोष आढळला नाही आणि इतर पॅकेजांना बाधा पोहोचली नाही, तर ते चाचणीच्या टप्प्यात सरकते. सुमारे दोन वर्षांनी चाचणीचा टप्पा गोठविण्यात येतो, म्हणजे नवे बदल थांबवून केवळ दोष काढण्याचे काम चालते, आणि त्यातून नवी स्थिर आवृत्ती जन्म घेते. रुग्णालये, बँका, प्रयोगशाळा, शाळा ह्यांसारख्या ठिकाणी भरवसा ठेवावयाचा तो ह्या स्थिर आवृत्तीवर.

ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेबियन १३ ह्या आवृत्तीत ६९ हजारांहून अधिक पॅकेजे होती. ह्याउलट प्रकल्पाचे मतदानाचा अधिकार असलेले सदस्य सुमारे एक हजार आहेत. त्यांच्या जोडीला इतर साहाय्यकही असतात, आणि पुष्कळदा एकाच मूळ आज्ञावलीतून अनेक पॅकेजे निघतात, हे ध्यानात घेतले तरी माणसे थोडी आणि काम फार, हे उघड आहे.

४. पॅकेजमागील माणूस

हा परिरक्षक कोण असतो? तो एखादा अभियंता, विद्यार्थी, प्राध्यापक किंवा सेवानिवृत्त गृहस्थ असेल. काहींचे मालक त्यांना कामाच्या वेळात हे काम करू देतात. परंतु पुष्कळांना ते रात्रीचे जेवण झाल्यावर किंवा रविवारी करावे लागते. डेबियन आपल्या सदस्यांना वेतन देत नाही.

त्याच्या कामाचा सर्वांत मोठा भाग म्हणजे दोषांच्या नोंदी वाचणे. डेबियनची दोष-नोंदवही १९९४ सालापासून चालू असून ती सर्वांना खुली आहे. कोणीही तीत तक्रार लिहू शकतो. तक्रार करणारा अडचणीत असतो आणि त्याला उत्तर लगेच हवे असते. वाचणारा मात्र दिवसभराचे काम संपवून बसलेला असतो, आणि पुढ्यात तशाच आणखी वीस तक्रारी असतात. ‘चालत नाही’ एवढेच लिहिलेली तक्रार वाचून त्याला काहीच बोध होत नाही. मग तो प्रश्न विचारतो, उत्तराची वाट पाहतो, स्वतःच्या यंत्रावर तो दोष पुन्हा घडवून आणण्याचा प्रयत्न करतो. दोष सापडला तरी तो पॅकेजच्या बांधणीतला की मूळ आज्ञावलीतला, हे ठरवावे लागते. मूळ आज्ञावलीतला असेल तर कर्त्यांना कळवून त्यांच्या उत्तराची वाट पाहावी लागते. आणि ते कर्तेही बहुधा स्वयंसेवकच असतात.

ह्यात आणखी एक अडचण कार्यपद्धतीची आहे. निरनिराळ्या परिरक्षकांनी निरनिराळ्या काळी आपापल्या सोयीची साधने निवडली. त्यामुळे एका पॅकेजमध्ये दुरुस्ती करण्याची रीत दुसऱ्या पॅकेजला लागू पडेलच असे नाही. अनुभवी माणसाला ह्याचे काही वाटत नाही, परंतु साहाय्य करण्याच्या इच्छेने आलेला नवखा माणूस येथेच अडखळतो. सर्वांना एकच पद्धत लावावी असे पुष्कळांना वाटते. परंतु विनावेतन काम करणाऱ्याला त्याची हातात बसलेली साधने सोडून दे असे कोणत्या अधिकाराने सांगावे, हा प्रश्न उरतोच.

५. स्वेच्छेचा नियम

ह्या प्रश्नाचे मूळ डेबियनच्या घटनेत आहे. १९९८ साली मंजूर झालेल्या ह्या घटनेने प्रकल्पाचा प्रमुख दर वर्षी निवडावा, मतदान कसे व्हावे, वाद कसे मिटवावे, हे ठरवून दिले. त्याच घटनेत असे एक तत्त्व आहे की कोणाही व्यक्तीवर प्रकल्पाचे काम करण्याची सक्ती नाही. सोपविलेले काम करण्याची इच्छा नसेल तर ते न करण्यास सदस्य मोकळा आहे. मात्र त्याने नियमांविरुद्ध वागता कामा नये.

हे तत्त्व उदार आहे, आणि स्वयंसेवकांच्या संस्थेस दुसरे तत्त्व शोभणारही नाही. परंतु त्यातून काही अडचणी अपरिहार्यपणे निर्माण होतात. परिरक्षकाचे लग्न होते, नोकरी बदलते, आजारपण येते, किंवा त्या आज्ञावलीतील त्याचा रस संपतो. तो निरोप घेईलच असे नाही. पॅकेज त्याच्या नावावर राहते, पण त्याकडे पाहणारे कोणी नसते. बाहेरून सर्व ठीक दिसते. कौलांखाली ठिबक सुरू झालेली असते.

ह्यावर डेबियनने काही रूढ उपाय बसविले आहेत. ज्याला काम झेपत नाही त्याने आपले पॅकेज ‘पोरके’ झाल्याचे जाहीर करावे आणि इच्छुकाने ते ‘दत्तक’ घ्यावे, अशी सोय आहे. हे शब्द खुद्द प्रकल्पाच्या व्यवहारातले आहेत. केवळ मदत हवी असल्यास तशी विनंतीही नोंदविता येते. दीर्घकाळ बेपत्ता असलेल्या परिरक्षकांशी संपर्क साधण्यासाठी एक स्वतंत्र गट आहे. तो आधी चौकशी करतो, वाट पाहतो, आणि उत्तर न आल्यास पॅकेज मोकळे करतो. तातडीचा दोष असेल तर दुसरा सदस्यही परिरक्षकाच्या वतीने दुरुस्ती पाठवू शकतो. मात्र सामान्यतः त्याने पूर्वसूचना द्यावी आणि परिरक्षकाला हरकत घेण्यास काही दिवसांची मुदत द्यावी, असा संकेत आहे. गंभीर दोष तसाच राहिला तर पॅकेज चाचणीच्या टप्प्यातून आपोआप वगळले जाते.

पैसे देऊन हे प्रश्न सुटतील काय? २००६ साली डेबियनच्या काही सदस्यांनी तसा एक प्रयोग केला. नवी आवृत्ती वेळेवर निघावी म्हणून तिचे नियोजन करणाऱ्या दोघांना काही काळ मोबदला देण्यासाठी निधी उभारण्यात आला. मोजक्यांना पैसे आणि इतरांना केवळ श्रम, ही गोष्ट अनेक सदस्यांना रुचली नाही आणि प्रकल्पात मोठा वाद झाला. डिसेंबर २००६ मध्ये अपेक्षित असलेली ती आवृत्ती अखेर ८ एप्रिल २००७ रोजी निघाली. ह्यावरून पैसा त्याज्य आहे असे ठरत नाही. कोणत्या कामासाठी, कोणामार्फत आणि कोणाच्या संमतीने तो द्यावा, ह्याचा विचार आधी करावा लागतो, इतकेच दिसून येते. पुढे २०१४ पासून जुन्या आवृत्त्यांना दीर्घ मुदतीचे संरक्षण देण्याचे काम सुरू झाले, तेव्हा ते मुख्य कामापासून वेगळे ठेवून गरजू संस्थांच्या वर्गणीतून चालविण्यात आले, आणि ती व्यवस्था टिकली.

६. दोन ओळींची किंमत

देखभालीत चूक झाल्यास काय होते, हे एका प्रसिद्ध उदाहरणावरून कळेल. ‘ओपन-एस-एस-एल’ ही आज्ञावली संगणकांमधील संभाषण गुप्त राखण्यासाठी जगभर वापरली जाते. गुप्त संभाषणासाठी अंकांच्या किल्ल्या लागतात, आणि किल्ली कोणाला ओळखता येऊ नये म्हणून ती यदृच्छया निवडलेल्या अंकांतून बनवावी लागते.

२००६ साली डेबियनमध्ये ह्या पॅकेजची तपासणी करणाऱ्या एका साधनाने काही ओळींविषयी इशारा दिला. परिरक्षकाने मूळ कर्त्यांकडे विचारणा केली, आणि हरकत नाही असा समज झाल्याने त्या ओळी वगळल्या. हेतू शुद्ध होता आणि आज्ञावली पूर्ववत चालतही राहिली. परंतु वगळलेल्या ओळींमुळे यदृच्छेचा जवळजवळ सर्व साठाच नाहीसा झाला. उरला तो संगणकाने चालू कामाला दिलेला क्रमांक, आणि असे क्रमांक ३२,७६८ हून अधिक नव्हते. ज्या किल्लीची निवड अगणित शक्यतांतून व्हावयाची, ती आता थोडक्या तासांत शोधून काढता येईल इतकी सोपी झाली होती. हा प्रकार मे २००८ मध्ये उघडकीस आला. मधल्या काळात डेबियनवर आणि त्यापासून निघालेल्या प्रणालींवर बनविलेल्या असंख्य किल्ल्या टाकून देऊन नव्या बनवाव्या लागल्या.

ह्या घटनेत दुष्टावा कोणाचाच नव्हता. परिरक्षकाला आज्ञावलीचे अंतरंग पूर्ण ठाऊक नव्हते. मूळ कर्त्यांना डेबियनमध्ये नेमका कोणता बदल होणार आहे ह्याची स्पष्ट कल्पना नव्हती. आणि बदल झाल्यावर तो दुसऱ्या जाणत्या डोळ्यांखालून गेला नाही. दोन घरांच्या मधली भिंत दोघांपैकी कोणीच पाहिली नाही, असा हा प्रकार होता.

मूळ कर्त्यांची स्थिती तरी काय होती, हे एप्रिल २०१४ मध्ये जगाला कळले. त्याच आज्ञावलीत ‘हार्टब्लीड’ ह्या नावाने प्रसिद्ध झालेला दोष सापडला. त्यामुळे सर्व्हरच्या स्मृतीतील गुप्त मजकूर परक्याला वाचता येत होता. मोठमोठ्या कंपन्यांचा व्यवहार ज्या आज्ञावलीवर चालत होता तिला देणग्यांच्या रूपाने वर्षाला सुमारे दोन हजार डॉलर मिळत आणि पूर्ण वेळ काम करणारा माणूस जेमतेम एक होता, हे तेव्हा उघड झाले. त्याच महिन्यात लिनक्स फाउंडेशनने अनेक कंपन्यांच्या साहाय्याने अशा मूलभूत आज्ञावलींसाठी निधी स्थापन केला.

७. अर्ध्या सेकंदाचा संशय

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे, कारण त्यात चुकीऐवजी कपट होते, आणि ते एका थकलेल्या माणसाच्या एकाकीपणाचा लाभ घेऊन करण्यात आले.

‘एक्स-झेड’ ही फायलींचा आकार लहान करणारी आज्ञावली आहे. ती जवळजवळ प्रत्येक लिनक्स संगणकावर असते, परंतु तिचे नावही सामान्य वापरणाऱ्याला ठाऊक नसते. तिचे काम मुख्यतः एकच गृहस्थ फावल्या वेळात पाहत असत. २०२१ सालापासून एका टोपणनावाने कोणी व्यक्ती त्यांना उपयुक्त दुरुस्त्या पाठवू लागली. २०२२ साली इतर काही अपरिचित नावांनी तक्रारी सुरू झाल्या: काम फार मंद चालले आहे, नवा माणूस घ्यावा. हे विनावेतन छंदाचे काम आहे आणि आपली शक्ती मर्यादित आहे, असे त्या गृहस्थांनी कळविले. अखेर त्यांनी त्या साहाय्यकावर विश्वास टाकला आणि आज्ञावलीच्या आवृत्त्या प्रसिद्ध करण्याचा अधिकारही त्याला दिला.

फेब्रुवारी आणि मार्च २०२४ मध्ये निघालेल्या ५.६.० व ५.६.१ ह्या आवृत्त्यांत त्या साहाय्यकाने एक चोरदरवाजा दडविला होता. तो चाचणीच्या फायलींत लपविलेला होता, आणि तो कार्यान्वित करणारा भाग सर्वांना दिसणाऱ्या संहितेच्या भांडारात नसून केवळ प्रसिद्ध केलेल्या संचात होता. त्यामुळे दूरच्या संगणकावर प्रवेश देणाऱ्या आज्ञावलीचे कुलूप परक्याला उघडता आले असते. डेबियनच्या अस्थिर आणि चाचणी ह्या दोन्ही टप्प्यांत ह्या आवृत्त्या पोहोचल्याही.

तेव्हा आन्द्रेस फ्रॉइंड हे अभियंते डेबियनच्या अस्थिर टप्प्यावर आपल्या वेगळ्याच कामाची मोजमापे घेत होते. दूरस्थ प्रवेशाला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, असे त्यांच्या लक्षात आले. दुसऱ्या कोणी ते सोडून दिले असते. त्यांनी कारण शोधले आणि ते चोरदरवाजापर्यंत पोहोचले. २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी ही गोष्ट जाहीर केली. डेबियनने तत्काळ जुनी निर्दोष आवृत्ती परत आणली. स्थिर टप्प्यात ते विष पोहोचलेच नव्हते, त्यामुळे लक्षावधी यंत्रे वाचली.

ह्या प्रसंगातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की ज्या टप्प्यांच्या मंदगतीबद्दल पुष्कळ जण कुरकुर करतात, त्यांनीच येथे संरक्षण केले. वाट पाहण्यात गेलेले दिवस वाया गेले नव्हते. दुसरा निष्कर्ष अधिक विचार करण्याजोगा आहे. शत्रूने हल्ल्यासाठी यंत्राऐवजी माणूस निवडला. एकटा, थकलेला, ज्याच्यावर तगादा लावता येतो आणि मदतीचा हात पुढे येताच जो कृतज्ञ होतो, असा माणूस. मदत करणारे खरे मित्र त्याच्याजवळ पुरेसे असते, तर ह्या परक्याला तेथे शिरण्यास जागाच मिळाली नसती.

८. उपाय

ह्या अनुभवांतून मुक्त सॉफ्टवेअरच्या जगाने जे शिकले त्याचा सारांश असा.

पहिला उपाय सांघिक परिरक्षणाचा. आता डेबियनमधील पुष्कळ पॅकेजे एकाच्या नावावर नसून गटाच्या नावावर असतात. उदाहरणार्थ, पर्ल किंवा पायथन भाषेतील पॅकेजे, तसेच टंकांची पॅकेजे, ही त्या त्या गटाच्या देखरेखीखाली असतात. एक सदस्य गैरहजर असला तर दुसरा काम पाहतो, आणि गटात एकच पद्धत पाळली जात असल्याने नवख्यालाही शिकणे सुलभ होते.

दुसरा उपाय यंत्राचे काम यंत्राला देण्याचा. नियमभंग शोधणे, नव्या आवृत्तीमुळे इतर पॅकेजे मोडतात काय हे पाहणे, अशा चाचण्या आपोआप चालतात. एकाच मूळ संहितेपासून कोणीही, कोठेही पॅकेज बांधले तरी ते अक्षरशः सारखेच निघावे, ह्यासाठीही डेबियनमध्ये २०१३ पासून प्रयत्न चालू आहेत. तसे झाल्यास मधल्यामध्ये केलेली भेसळ पकडणे सोपे होते.

तिसरा उपाय स्थिर अर्थसाहाय्याचा. जर्मनीच्या संघराज्य सरकारने २०२२ साली मूलभूत मुक्त आज्ञावलींच्या देखभालीसाठी सार्वजनिक निधी सुरू केला. रस्ते आणि धरणे ह्यांच्याप्रमाणे आज्ञावलीही सार्वजनिक मालमत्ता होय, हा त्यामागील विचार आहे.

तथापि हे तीनही उपाय चौथ्यावाचून अपुरे आहेत. तो म्हणजे वापरणाऱ्यांचा वाटा. लाखो लोक वापरतात आणि एक जण राखतो, ही स्थिती कोणत्याही यंत्राने किंवा निधीने पूर्णपणे बदलणार नाही.

९. आपल्या देशाचा संबंध

हा विषय आपल्यापासून दूरचा आहे असे कोणी समजू नये. पुण्यात मुख्यालय असलेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने, २००७ साली ‘बॉस’ ही भारतीय भाषांना अनुकूल कार्यप्रणाली प्रसिद्ध केली. ती डेबियनच्या पायावर उभारलेली आहे. केरळमधील शाळांत वापरण्यात येणारी मुक्त प्रणाली ‘उबंटू’वर आधारलेली आहे, आणि उबंटू स्वतः डेबियनपासून निघालेली आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये डेबियनची वार्षिक जागतिक परिषद केरळातील कोची येथे भरली होती. डेबियन संगणकावर बसविताना मराठी भाषा निवडता येते, आणि मराठी मजकूर दाखविणारा ‘लोहित देवनागरी’ हा टंकही तेथे एक पॅकेज म्हणून उपलब्ध आहे. तो टंक संगणकाच्या पडद्यावर नीट दिसतो तो कोणीतरी त्याची देखभाल करीत असल्यामुळेच.

विद्यार्थ्यांना आणि सामान्य वाचकांना ह्या कामात भाग घेण्यास आज्ञावली लिहिता आलीच पाहिजे असे नाही. दोष आढळल्यास त्याची नोंद नीट लिहावी: कोणत्या आवृत्तीत आढळला, आपण क्रमाने काय केले, काय घडावे अशी अपेक्षा होती, आणि प्रत्यक्ष काय घडले. अशी चार वाक्ये परिरक्षकाची एक संध्याकाळ वाचवितात. मराठी भाषांतरातील चुका कळवाव्या, स्वतः भाषांतर करावे, नव्या आवृत्तीची चाचणी घ्यावी. आणि दोष दुरुस्त झाला तर दोन शब्द आभाराचे लिहावे; तक्रारींच्या ढिगाऱ्यात असे पत्र क्वचितच मिळते.

१०. समारोप

आज्ञावली निर्माण करण्यास प्रतिभा लागते. ती टिकविण्यास चिकाटी आणि सोबत लागते. डेबियनच्या तीस वर्षांहून अधिक काळच्या इतिहासावरून असे दिसते की नियम, टप्पे आणि नोंदी ही सारी शेवटी एकाच हेतूने निर्माण झाली आहेत: कोणत्याही आज्ञावलीचा भार एकाच खांद्यावर पडू नये, आणि तो खांदा थकला तर ते वेळेवर कळावे. गावातल्या घराची शाकारणी शेजारी मिळून करतात तेव्हा ती एका दिवसात उरकते. तेच काम एकट्याने करावयाचे झाल्यास पाऊस आधी गाठतो.

अभ्यासासाठी प्रश्न

१. आज्ञावली झिजत नसूनही तिला देखभाल का लागते, हे तीन कारणे देऊन सांगा.
२. मूळ कर्ता आणि परिरक्षक ह्यांच्या कामातील भेद स्पष्ट करा. २००६ सालच्या चुकीत ह्या दोघांमधील कोणता दुवा तुटला होता?
३. डेबियनच्या भांडाराचे तीन टप्पे कोणते? २०२४ सालच्या प्रसंगात त्यांचा उपयोग कसा झाला?
४. सक्ती नसलेल्या संस्थेत काम वेळेवर व्हावे म्हणून काय करता येईल? आपल्या गावातील एखाद्या स्वयंसेवी संस्थेशी तुलना करून लिहा.
५. आपण वापरीत असलेल्या एखाद्या मुक्त आज्ञावलीतील दोषाची नोंद, वर सांगितलेल्या चार वाक्यांच्या रीतीने, तयार करा.